दुनाली ग्वाल्हेरहून पुण्यात: बाणेर रोडच्या एजंटला एक स्टार, कॅम्पातल्या काकांना साडेचार

आधीच सांगते, हे दोन रिव्ह्यू एकत्र आहेत, बाबांची लायसन्सची बंदूक ग्वाल्हेरहून पुण्यात आणताना घेतलेल्या सल्ल्याचे. एक बाणेर रोडवरच्या 'आर्म्स लायसन्स कन्सल्टंट'चा, ज्याला मी पंधरा हजार दिले आणि त्यातले साडेबारा बुडाले. दुसरा कॅम्पातल्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानाचा, जिथे एका चहात सगळं कळलं. नावं दोघांचीही टाकत नाहीये. पहिल्याचं टाकलं तर तो नोटीस पाठवेल आणि दुसऱ्याचं टाकलं तर काका चिडतील, ते म्हणालेच, ताई जाहिरात नको, आधीच निम्मे लोक नुसते बंदुका बघायला येतात.

तर झालं असं की बाबा ग्वाल्हेरचे. आमची तिकडे चौथी पिढी, शहरातल्या लष्कर भागात घर, महाराज बाड्याच्या मागे. मराठी बोलतो घरात पण पुण्यातल्या लोकांना ती हिंदीच वाटते, बाबा मला अजून 'बेटा तू चिंता नको करू, अपन करून घेऊ' असं म्हणतात. आई गेल्यावर त्यांना तिकडे एकटं ठेवायला नको वाटायला लागलं, म्हणून मागच्या वर्षी त्यांना वाकडला आमच्याकडे आणायचं ठरलं. काय काय आणायचं याची यादी त्यांनी फोनवर सांगितली: देव, आईचं शिलाई मशीन, दोन ट्रंका, आणि दुनाली.

दुनाली म्हणजे बारा बोरची डबल बॅरल, आजोबांची. डबरा गावाजवळ थोडी शेती होती आणि काळ चंबळच्या डाकूंचा होता. १९७२ ला जौऱ्याला मोहर सिंग, माधो सिंग जयप्रकाश नारायणांसमोर शरण आले हे सगळे सांगतात, पण मलखान सिंग त्यानंतर दहा वर्षांनी आणि फूलनदेवी १९८३ ला शरण आली, म्हणजे तोवर आमच्या आजोबांना बंदूक म्हणजे आत्ता आपल्याला इन्व्हर्टर असतो तशी वस्तू होती. तिकडे आजही लग्नात, दवाखान्यात, बसस्टँडवर खांद्यावर बंदूक घेतलेला माणूस दिसतो आणि कुणी वळून बघत नाही. आमच्या वाकडच्या सोसायटीत कुत्रं नवीन आलं तरी ग्रुपवर चर्चा होते.

बाबांचा प्लॅन साधा होता. झेलम एक्स्प्रेसनं यायचं, खोळीत घालून बर्थखाली ठेवायची, लायसन्स खिशात. मी म्हटलं बाबा, राज्य बदलतंय, कायदा बघू आधी. आणि मग मी ती चूक केली जी आपण सगळे करतो, रात्री साडेअकराला मोबाईलवर शोधायला बसले आणि पहिलं जे आलं त्याला फोन लावला.

एजंटचं ऑफिस भारी आहे. दुसरा मजला, एसी, काचेचं दार, भिंतीवर गरुडाचं पोस्टर. पॅकेज होतं साडेबारा हजारांचं 'आंतरराज्य ट्रान्सफर, संपूर्ण सेवा', आणि वर अडीच हजारांचं 'रिलोकेशन गाइड', म्हणजे पीडीएफ. मी लायसन्सच्या पुस्तकाची अख्खी झेरॉक्स घेऊन गेले होते. त्यानं पहिल्या पानाचा फोटो काढला आणि बाकीचा गठ्ठा मला परत दिला. तिथेच उठायला हवं होतं मी.

म्हणाला, आता सगळं ऑनलाइन झालंय मॅडम, यूआयएन नंबर (लायसन्सचा देशपातळीवरचा नोंदणी नंबर) असला की लायसन्स आपोआप ऑल इंडिया होतं, तुम्ही गन गाडीच्या डिकीत टाकून घेऊन या, इथे आली की आपण एंट्री मारू. इतक्या आत्मविश्वासानं म्हणाला की मी हो म्हटलं. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे (नोंदी राष्ट्रीय डेटाबेसमध्ये असतात, लायसन्सला यूआयएन असतो) आणि पुढचं सगळं तुम्हाला आत टाकणारं आहे, पण ते मला नंतर कळलं.

आता त्या पीडीएफबद्दल. बेचाळीस पानं. मराठीत. सुरुवातीलाच 'छुपे वहन परवाना' असा शब्द आला, मला वाटलं सरकारी मराठी असेल, सरकारी मराठी असतेच अशी. मग 'आपल्या काउंटीच्या शेरीफ कार्यालयात भेट द्या'. मग 'काही राज्ये परस्पर मान्यता देतात, कृपया नकाशा पाहा' आणि खाली रंगीत नकाशा. नकाशात महाराष्ट्र नव्हताच. ओहायो होता. कुणीतरी अमेरिकेतल्या लोकांसाठी लिहिलेलं उचलून मशिननं मराठी करून अडीच हजाराला विकत होता हा माणूस, आणि शेवटच्या पानावर त्याच्या ऑफिसचा पत्ता.

मी ते न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाला पाठवलं, तो आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, अगं हे तिकडे चुकीचं नाहीये, फक्त तुझ्या काही कामाचं नाहीये. तो बरीच वर्षं ह्यूस्टनला होता, आता सिटिझन आहे, तिथे त्याच्याकडे पिस्तूल होतं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला, ज्याच्यावर कायद्यानं बंदी नाही त्याला, हँडगन बाळगायला परमिटच लागत नाही. आणि तोच माणूस सामान भरून न्यू जर्सीत आला की वेगळंच जग, तिथे दुसऱ्या कुठल्याही राज्याचं परमिट चालत नाही, मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या नकोत, आणि २०२२ च्या कायद्याप्रमाणे राहायला आल्यावर साठ दिवसांत बंदुकीसाठीचं आयडी कार्ड काढा आणि हँडगन नोंदवा. वाटेत जी राज्यं लागतात तिथून जाण्यापुरतं १९८६ च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे म्हणे, पण पिस्तूल रिकामं आणि बसलेल्या जागेवरून हात पोचणार नाही असं ठेवलेलं पाहिजे. त्यानं शेवटी त्याचं पिस्तूल ह्यूस्टनमध्येच विकलं. म्हणाला, मूव्हर्सपेक्षा वकील महाग पडला असता.

म्हणजे तिकडे खरंच राज्य बदललं की कायदा बदलतो. आपल्याकडे तसं नाही, आणि हीच गोष्ट मला बेचाळीस पानांत कुठे सापडली नाही. आपल्याकडे कायदा एकच, १९५९ चा आर्म्स अॅक्ट, आणि त्याखालचे २०१६ चे नियम, ग्वाल्हेरला तेच आणि वाकडलाही तेच. बदलतं काय, तर तुमच्या लायसन्सवर कुठला एरिया लिहिलाय, आणि तुमचा साहेब कोण.

हे सगळं मला काकांनी सांगितलं. त्यांच्याकडे पोचले कशी तर आमच्या सोसायटीतले एक रिटायर्ड सुभेदार आहेत, लिफ्टमध्ये सहज विषय निघाला, ते म्हणाले एजंट वगैरे सोडा, कॅम्पात जा, अमुक गल्लीत, बाहेर पाटी पुसट आहे.

दुकान बाहेरून घड्याळजीचं वाटतं. आत लाकडी शोकेस, एअरगनी, छऱ्यांचे डबे, भिंतीवर साखळी ओवलेल्या बंदुका ओळीनं, आणि तेलाचा वास, तो वास मी ओळखला कारण आमच्या घरी दिवाळीच्या आधी तो यायचा, बाबा अंगणात खाटेवर वर्तमानपत्र पसरून नळी साफ करायचे. काका सत्तरीचे असतील, चष्मा दोरीला. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, आधी पुस्तक दाखवा.

झेरॉक्स दिली. त्यांनी पहिलं पान बघितलंच नाही. सरळ मधलं पान काढलं, बोट ठेवलं, आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं. हिंदीत लिहिलं होतं, संपूर्ण मध्य प्रदेश. 'हे वाचलंत का?' नव्हतं वाचलं. बाबांनीही पंचवीस-तीस वर्षांत वाचलं नसेल, कारण त्यांना कधी मध्य प्रदेशाबाहेर बंदूक न्यायची वेळच आली नाही.

म्हणाले, झेलमनं आणली असती ना ताई, तर बुऱ्हाणपूरपर्यंत तुमचे बाबा लायसन्सदार. पुढे महाराष्ट्रातलं रावेर आलं की तेच बाबा, तीच बंदूक, तेच पुस्तक, पण पुस्तक असून नसल्यासारखं. मग ती नुसती अट मोडली म्हणायची, म्हणजे कलम ३०, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, की विनापरवाना हत्यार म्हणायचं, ज्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आहेत, यावर वकील भांडतील, बाबा तोवर भुसावळला. ते 'भुसावळला' त्यांनी असं म्हटलं की मला तो प्लॅटफॉर्मच दिसला.

ऑल इंडिया सगळ्यांना मिळत नाही. फौजी, खासदार, ज्यांची बदली देशात कुठेही होऊ शकते असे अधिकारी, नेमबाज खेळाडू यांचं सोपं असतं, बाकीच्यांना कारण द्यावं लागतं आणि ते पटावं लागतं. यूआयएनचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मग मी ते तीस दिवसांचं विचारलं, कारण ते मी कुठेतरी अर्धवट वाचलं होतं आणि घाबरले होते. ते असं आहे: लायसन्सदार कायमचा किंवा सलग तीस दिवसांपेक्षा जास्त दुसरीकडे राहायला गेला आणि बंदूक बरोबर नेली, तर तीस दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या लायसन्सिंग ऑथॉरिटीला कळवायचं आणि जुन्यालाही कळवायचं, दोन्हीकडे, आणि मागितलं की पुस्तक आणि बंदूक घेऊन हजर व्हायचं, मग नवा पत्ता पुस्तकात चढतो. लोक एकीकडेच कळवतात आणि रिन्यूअलला अडकतात असं काका म्हणाले. रिन्यूअलचा अर्जही शेवटच्या आठवड्यात नाही, साठ दिवस आधी करायचा, आता मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झालीय त्यामुळे लोक विसरतात.

आणि नवं ठिकाण म्हणजे कुठलं? इथे मला एजंटची खरी करामत कळली. त्यानं आमचा अर्ज पुणे शहर पोलीस आयुक्तांच्या नावानं तयार करून ठेवला होता. वाकड पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं, जे २०१८ पासून वेगळं आहे. पत्त्यावर 'पुणे' आहे म्हणून पुणे शहर, एवढाच विचार. तुम्ही शहर आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर तिकडे, वाकड-चिंचवडकडे असाल तर पिंपरी-चिंचवडला, आणि दोन्ही आयुक्तालयांच्या बाहेर, ग्रामीण हद्दीत असाल तर जिल्हाधिकारी. फ्लॅट घेताना आपण पाणी कुठल्या नगरपालिकेचं ते विचारतो, आपलं पोलीस स्टेशन कुठल्या आयुक्तालयात येतं ते कोण विचारतं.

काकांचा सल्ला एका ओळीचा होता, आधी कागद येऊ दे मग नळी. बंदूक ग्वाल्हेरच्याच लायसन्सधारक डीलरकडे जमा करा, पावती घ्या, बाबांना रिकाम्या हातानं आणा. मग ग्वाल्हेरच्या ऑफिसातून एरिया वाढवून आणि इकडे नेण्याची लेखी परवानगी घेऊन एकदाच कुणीतरी जाऊन आणा, आणि ते कुणीतरी म्हणजे बाबाच, कारण लायसन्स त्यांच्या नावाचं, जावई बंदूक घेऊन निघाला तर तो वेगळाच सिनेमा.

एवढं बोलून त्यांनी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळं क्रमानं लिहून दिलं, कुठला कागद, किती प्रती, पत्त्याचा पुरावा काय चालेल. पैसे विचारले तर म्हणाले, बंदूक आणाल तेव्हा सर्व्हिसिंग माझ्याकडे करा.

एजंटकडे परत गेले. पीडीएफचे अडीच हजार मिळाले, कारण मी रिसेप्शनवर सगळ्यांसमोर विचारलं की वाकडचा शेरीफ कुठे बसतो. साडेबारा नाही मिळाले, ते 'प्रोसेसिंग सुरू झाल्यामुळे' नॉन-रिफंडेबल. एक स्टार पण शून्य देता येत नाही म्हणून.

पुढचं पटकन सांगते. बाबा बंदूक तिकडे जमा करून आले, पावती देवघरात ठेवली. कागदपत्रांना साधारण पाच महिने लागले, त्यात ग्वाल्हेरकडून लायसन्स खरं आहे याची पडताळणी, इकडे आपल्या पोलीस स्टेशनचं व्हेरिफिकेशन, शेजाऱ्यांना चौकशी. (समोरच्या वहिनींनी हवालदारांना चहा पाजला आणि नंतर मला विचारलं, बाबा डाकू होते का गं?) मग बाबा स्वतः जाऊन घेऊन आले, माझा नवरा ड्रायव्हर, शिवपुरी-गुणा-इंदूर-धुळे-नाशिक करत, हजारावर किलोमीटर, बंदूक रिकामी आणि खोळीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, आणि फाइल डॅशबोर्डवर. रस्त्यात एकदाही कुणी अडवलं नाही, याचं बाबांना थोडं वाईटच वाटलं.

काकांकडे सर्व्हिसिंगला नेली तेव्हा बाबाही बरोबर होते. काकांनी ती हातात घेतली, खटक्यावर अंगठा दाबून मधून मोडली, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून एका डोळ्यानं आत बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाले, सांभाळलीय हो. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. मग दोघं अर्धा तास मोठ्या छऱ्यांचं एलजी काडतूस आणि बारीक छऱ्यांचं चार नंबर यावर बोलत बसले आणि मी मोबाईल.

पण त्याच अर्ध्या तासात काकांनी बाबांना दमही दिला, आणि हा भाग दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या सगळ्यांनी वाचा. खांद्यावर उघडी टाकून फिरायचं नाही, नियमाप्रमाणे पूर्ण झाकलेली पाहिजे, हँडगन असेल तर होल्स्टरमध्ये अंगावर आणि तीही झाकून. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक गर्दी, शाळा-कॉलेजचं आवार, इथे खास परवानगीशिवाय न्यायचीच नाही, हे लायसन्सच्या अटींतच आहे. म्हणजे पुण्यात बघा, पालखी आली, गणपती आले, घरातच ठेवा. वर इथे महाराष्ट्र पोलीस अॅक्टच्या कलम ३७ खाली आयुक्त अधूनमधून काही दिवसांपुरते बंदीचे आदेश काढतात, ते पेपरात कोपऱ्यात येतात, वाचत जा. इलेक्शन लागलं आणि जमा करा अशी नोटीस आली की निमूट जमा करायची. आणि हर्ष फायरिंग, लग्नात हवेत बार? काकांनी विचारलं. बाबा गप्प. आमच्या मोठ्या आत्याच्या लग्नात कुणी उडवली होती ते घरात सगळ्यांना माहितीये. आता त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, काका म्हणाले, आणि पुण्यात तर मांडव उतरायच्या आधी पोलिसांकडे व्हिडिओ पोचतो.

अर्धा स्टार का कापला तर, एक, काका फोन उचलत नाहीत. खरंच नाही उचलत, दुकानात समोर वाजत असतो आणि ते बघत बसतात. दोन, फक्त कॅश. तीन, पार्किंगचं मी काही बोलत नाही, कॅम्प आहे, रिक्षानं जा. आणि मुलींनी एकटं गेलं तर पहिली पाच मिनिटं ते 'मिस्टर नाही आले?' मोडमध्ये असतात, पुस्तक हातात दिलं की मग नीट बोलतात.

बंदूक आता घरी नाहीये. माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि ती प्रत्येक कपाट उघडते, म्हणून आम्ही ती काकांकडेच सेफ कस्टडीत ठेवलीय, महिन्याचं भाडं देऊन, रीतसर पावती. बाबांनी आधी तोंड पाडलं होतं. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसनं कॅम्पात जातात, काका साखळी काढून देतात, बाबा तिला तेल लावतात, आणि तिथे अजून दोन-तीन म्हातारे असेच आपापल्या बंदुकांना भेटायला आलेले असतात. येताना श्रूजबेरी आणतात.

मागच्या शनिवारी बिस्किटांबरोबर एक कागदही आणला. नियमात अशी सोय आहे की लायसन्सदार सत्तरीचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली तर हयातीतच वारसाच्या नावावर करता येते, वारसानं स्वतःचं लायसन्स काढायचं, म्हणजे सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, व्हेरिफिकेशन, सगळं नव्यानं. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. काकांनी वर पेन्सिलनं माझं नाव लिहिलंय. बाबा काहीच बोलले नाहीत, फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवलाय कागद, दुधाच्या हिशोबाशेजारी, आणि मी रोज दूध काढताना बघते.